धुराची नोंद

यंदाच्या श्रावणात एक जुने सभासद गट ऑफिसात तणतणत आले. मी त्यांना आबा म्हणतो. हातात उसाची चार-पाच पाने होती, वरून काळीकुट्ट. ती टेबलावर टाकून म्हणाले, "साहेब, हे बघा. फौंड्रीच्या धुरानं माझा ऊस खाल्ला. मला शेती खात्याचा दाखला पायजे. भरपाई मागणार हाय मी."

आबांच्या शेताच्या पश्चिमेला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे बिडाचे ओतकाम करणारी एक लहान फौंड्री. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे धूर सरळ आबांच्या उसावर. दाखला लिहून देणे काही अवघड नव्हते. पण शेत पाहिल्याशिवाय सही करायची नाही ही आमच्या खात्याची जुनी सवय. म्हटले, "आबा, आधी रान दाखवा."

रानात गेलो. काळेपणा सगळ्यात जास्त दिसला तो फडाच्या मधोमध, ओढ्याकडेला नव्हे. पान ओल्या बोटाने चोळले तर काळा पापुद्रा सुटून आला. वरचे पान उलटे करून पाहिले तर खाली पांढरा लोकरी मावा. २००२ च्या सुमारास ज्या किडीने पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाला रडवले, तीच ही. मावा पानाच्या खालच्या अंगाला बसून रस शोषतो, त्याच्या अंगातून निघणारा गोड चिकट द्रव खालच्या पानावर पडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. आबांनी आणलेली पाने त्या बुरशीची होती. फौंड्रीचा त्यात काही दोष नव्हता.

हे सांगितल्यावर आबा गप्प झाले, पण फार वेळ नाही. "मग चला की वढ्याकडंला," म्हणाले. आणि तिथे मात्र बांधालगतच्या सात-आठ सऱ्यांत पानांवर वेगळाच थर होता. करडा, खरखरीत, बोटाला रेतीसारखा लागणारा. सर येऊन गेली होती तरी पानाच्या बगलेत साठून राहिलेला. ही बुरशी नव्हे, हे सांगायला ऊस विकास अधिकारी कशाला पाहिजे!

आबांचा धाकटा मुलगा बरोबर होता. त्याने खिशातून लोहचुंबक काढून त्या धुळीवर फिरवले. काळे कण भराभर चिकटले. "साहेब, लोखंड हाय हे. आता काय म्हणता?" मी ते चुंबक घेतले आणि पंपाच्या खोलीतल्या कोरड्या मातीत फिरवले. तिथेही कण चिकटले. आपली काळी जमीन काळ्या पाषाणापासून झाली आहे आणि त्या पाषाणातच चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असते. म्हणजे हा पुरावाही कोणी मानणार नाही.

पानावरून उलटे चालत धुराड्यापर्यंत जाता येत नाही, ही खरी अडचण. धूळ रस्त्याची, मातीची, आपल्या साखर कारखान्याची की फौंड्रीची, पान काही सांगत नाही. सुरुवात धुराड्यापासून करावी लागते. भट्टीत काय जाते, किती जाते, वरून किती बाहेर पडते, हे आकडे हाती पाहिजेत.

आणि इथे गोष्ट घरात शिरते. मुलाच्या खिशात चुंबक कसे, तर तो त्याच फौंड्रीत कामाला आहे. बाप भरपाई मागणार ज्याच्याकडे, त्याच्याकडूनच घरात पगार येतो. आबा एकटे नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात फौंड्र्या उभ्या राहिल्या म्हणून आपल्या कितीतरी सभासदांच्या मुलांना गाव सोडावे लागले नाही. आपल्या विहिरीवरच्या पंपाची बॉडी बिडाची. गळिताला ऊस ज्या रोलरांखाली जातो, त्या रोलरांचे कवचही बिडाचे. तेव्हा फौंड्री बंद करा असे म्हणणारा मी नव्हे. पण तिच्या धुराची नोंद मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि ती कशी मागायची हे समजून घ्यायला हवे.

कुपोला म्हणजे उभे पोकळ पिंप, आतून अग्निविटांचे अस्तर. खाली कोक पेटवायचा, वर चार्जिंगच्या दारातून थरावर थर टाकायचे: कोक, भंगार आणि कच्चे बीड, थोडी चुनखडी. बाजूच्या नळ्यांतून ब्लोअरचा वारा. बीड वितळून खालच्या तोंडातून धारेने बाहेर येते. कोकची राख, भंगारावरचा गंज, रंग, तेल आणि चुनखडीचा भुगा हे सगळे वाऱ्याबरोबर वर जाते. कोकमध्ये गंधक असते, त्याचा तिखट वायू होतो. शिवाय साच्यात रस ओतताना वाळूतला कोळशाचा भुगा व राळ जळते, त्याचा धूर निराळा. तो तर धुराड्यातून जातच नाही, शेडमध्येच कोंडतो. आणि ओतीव थंड झाल्यावर वाळू झाडताना, घासताना जी बारीक धूळ उडते ती कामगारांच्या छातीत बसते. आबांच्या आठ सऱ्यांपेक्षा मला त्या मुलाच्या फुप्फुसाची काळजी जास्त वाटते, हे इथे लिहून ठेवतो.

आता थोडे गणित. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिथल्या फौंड्र्यांच्या मोजण्या गोळा करून ठोकळ आकडे काढले आहेत. धूळ धरण्याचे साधन नसलेल्या कुपोल्यातून दर टन बिडामागे ६.९ किलो धूळ निघते, विजेच्या इंडक्शन भट्टीतून ०.५ किलो. समजा, एक कुपोला तासाला ३ टन वितळवतो आणि दिवसात ६ तास चालतो. १८ टन बीड झाले. धूळ झाली १२४ किलो, म्हणजे युरियाची जवळजवळ पावणेतीन पोती, रोज, हवेत. इंडक्शन भट्टी असती तर ९ किलो. गंधकाचेही तसेच. दिवसाला अडीच टन कोक जळला आणि त्यात शेकडा ०.६ गंधक असले, तर गंधक झाले १५ किलो. गंधक जळून होणारा वायू वजनाने दुप्पट, म्हणजे जास्तीत जास्त ३० किलो. त्यातले काही मळीत आणि बिडात राहते, ते वजा.

या गणितासाठी धुराड्यावर चढावे लागले नाही. फक्त तीन गोष्टी लागल्या: बीड किती, कोक किती आणि कोकमध्ये गंधक किती. मोजमापाची यंत्रे महाग असतात, पण कोकची वही फुकट असते. आणि तीच मिळत नाही.

मिळत नाही, याचे कारण मी चांगले ओळखतो, कारण आमच्याकडेही तेच होते. लवकर तोड मिळावी म्हणून लागणीची तारीख पंधरा-वीस दिवस मागची सांगणारे सभासद सगळ्या गटांत आहेत. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा एका नोंदीवर विश्वास ठेवला, प्लॉट न पाहता प्रोग्रॅम लावला. खऱ्या तारखेचा शेजारचा ऊस मागे राहिला, त्याला तुरा आला, पांग्या फुटल्या, वजन घटले. त्या सभासदाची मी घरी जाऊन माफी मागितली. माफीने टनेज भरत नाही. तेव्हापासून वही आणि रान दोन्ही पाहिल्याशिवाय मी तारीख मानत नाही.

फौंड्रीच्या बाबतीत वहीचा प्रश्न देशात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर आला तो आग्र्याला. ताजमहालाच्या संगमरवरावर डाग पडू लागले तेव्हा सगळ्यांचे बोट मथुरेच्या नियोजित तेल शुद्धीकरण कारखान्याकडे होते. केंद्र सरकारने डॉ. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९७८ मध्ये आला. समितीने दाखवून दिले, की रिफायनरी सुरू व्हायच्या आधीच आग्र्याच्या हवेत धूळ आणि गंधकाचा वायू भरपूर आहे. कोण सोडते, तर कोळसा जाळणारे सगळे: दोन वीज केंद्रे, रेल्वेचे शंटिंग यार्ड आणि सुमारे २५० लहान उद्योग, त्यांत मुख्यतः फौंड्र्या. मोठ्या कारखान्याकडे सगळे पाहत होते आणि गल्लीतल्या भट्ट्यांची कोणाकडे नोंद नव्हती.

पुढे १९८४ मध्ये अ‍ॅड. एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने १९९० मध्ये या भागातल्या उद्योगांची प्रकारवार पाहणी करून अहवाल दिला. कोण कुपोला वापरतो, कोण मुशीत धातू वितळवतो, कोण चुना भाजतो, असे एकेकाचे वर्गीकरण. मग १९९३ मध्ये न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या प्रदूषण मंडळाला उद्योगांची यादीच करायला लावली. यादीत ५११ उद्योग निघाले. त्यांतल्या ५०७ जणांकडे धूर आवरण्याचे कसलेही साधन नव्हते. नोटिसा निघाल्या. ज्या २१२ जणांनी नोटिशीला उत्तरही दिले नाही आणि पाऊलही उचलले नाही, ते ऑगस्ट १९९३ मध्ये न्यायालयाने बंद केले. ३० डिसेंबर १९९६ ला अंतिम निकाल आला: २९२ उद्योगांनी कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायूवर यावे, नाहीतर ताजच्या त्या परिसरातून बाहेर जावे.

अर्ज १९८४ चा, पक्की यादी १९९३ ची. मधली ९ वर्षे न्यायालयात खल चालू होता, आणि कोण किती धूर सोडतो हे नावानिशी कागदावर नव्हते. यादी आली आणि चार वर्षांच्या आत निकाल लागला. कामगारांचे हाल झाले, मालकांना नव्या भट्ट्या बसवाव्या लागल्या, हेही खरे. न्यायालयाला कामगारांच्या पगाराबद्दल आणि भरपाईबद्दल निकालात वेगळे लिहावे लागले.

आणखी एक गोष्ट आग्र्याची, आपल्या कामाची. फौंड्र्यांचा कोळसा सुटला तरी संगमरवर पिवळसर-तपकिरी होत राहिला. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी दगडावर बसणारे कण तपासले, तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कण निघाले धुळीचे आणि काजळीचे, आणि काजळीत काडीकचरा, शेण, लाकूड जाळल्याचा तपकिरी अंश ठळक. पाचट पेटवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. आपल्या पाचटाच्या धुराचीही कुठे नोंद नाही.

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात. हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा. त्याच्या २१ व्या कलमाखाली मंडळाची संमती घ्यावी लागते, २५ व्या कलमाखाली मंडळ उद्योगाकडून माहिती मागू शकते आणि २६ व्या कलमाखाली धुराचा नमुना घेऊ शकते. कुपोल्यासाठी केंद्राने मर्यादा ठरवल्या आहेत. तासाला ३ टनांपेक्षा कमी वितळवणाऱ्याला एक घनमीटर धुरात ४५० मिलिग्रॅम धूळ चालते, ३ टन व त्यावरच्याला १५०. चार्जिंगच्या दाराच्या वर धुराडे पाहिजे आणि ते कुपोल्याच्या व्यासाच्या किमान सहा पट.

यात मेख कुठे आहे ते बघा. मर्यादा तिप्पट सैल होते ती ३ टनांच्या खाली. मग कागदावर कोण ३ टन लिहील? त्या फौंड्रीत मी आबांच्या मुलासोबत जाऊन आलो. मालक माणूस बरा, चहा पाजला, लपवाछपवी केली नाही. संमतीच्या कागदावर तासाला अडीच टन. महिन्याला कोक किती, विचारले तर म्हणाले, "गाडी येईल तसा. वेगळं लिहून कोण ठेवतंय?" म्हणून जाणकार कितीचा कुपोला हे विचारत नाहीत, आतला व्यास विचारतात. व्यास टेपने मोजता येतो. व्यास दीडपट झाला की आतले क्षेत्र सव्वादोन पट होते आणि वितळण्याचा वेगही त्याच बेताने वाढतो. शिवाय अस्तर झिजते तसा व्यास वाढत जातो, तेव्हा कागदावरचे अडीच टन दोन वर्षांनी अडीचच राहतात असे नाही.

नमुना घेण्याचीही तीच तऱ्हा. धुराड्याला भोक लागते, जिना आणि उभे राहायला फळी लागते. आधी वजन केलेल्या गाळणीतून धूर ओढतात, धुराड्यातल्या धुराच्याच वेगाने, आणि गाळणी सुकवून पुन्हा वजन करतात. आपल्या काट्यावर भरलेल्या ट्रॉलीतून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करतो तसेच. पण कधी ओढला, हा प्रश्न राहतो. कुपोला पेटवताना, दार उघडून चार्ज टाकताना धूर काळा-पिवळा लोटतो, मध्ये तासभर स्वच्छ दिसतो. ब्रिक्स काढायला मी बांधावरचा भरघोस ऊस तोडून बुंध्याचाच रस यंत्रावर ठेवला, तर आकडा छान येईल आणि फड मात्र कोवळाच असेल. म्हणून आम्ही फडात चार ठिकाणी आत शिरतो, बुडखा, मध्य, शेंडा तिन्ही पाहतो. धुराच्या रिपोर्टवर नुसते मिलिग्रॅम वाचून समाधान मानू नये. त्या वेळी भट्टीत किती चार्ज चालू होते आणि धुरात बाहेरची हवा किती मिसळली होती, हेही विचारावे. दुधात पाणी घातले की फॅट कमी लागते, पण तूप तेवढेच निघते.

मालक खरे आकडे केव्हा देतो, याचे एक उदाहरण हावड्याला आहे. तिथे टेरी या संस्थेने दंड घेऊन न जाता कोक किती जळतो याची तपासणी करून सुरुवात केली. मग १९९८ मध्ये वारा दोन थरांत देणारा सुधारित कुपोला आणि धूर पाण्याने धुणारे साधन बसवून दाखवले. कोक वाचला, धूर घटला. कोकचा खर्च कमी होतोय म्हटल्यावर वही आपोआप उघडते. माती परीक्षणाला आमच्याकडे रांग लागते आणि पाणीपट्टीच्या मोजणीला कोणी दार उघडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

हे सगळे मी आबांना सांगितले तेव्हा त्यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवले. "आन् आपल्या कारखान्याची चिमणी? हंगामात माझ्या सुनंची धुणी काळी हुत्यात ती?" प्रश्न रास्त आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरला २०१६ पासून घनमीटरला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, मोठ्या कुपोल्याएवढीच. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर सतत मोजणी करणारे यंत्र बसवायला सांगितले, त्यांत साखर कारखाने आहेत. शिवाय १९९३ पासून वर्षाचे पर्यावरण विवरण सप्टेंबरअखेर मंडळाकडे द्यावे लागते. सभासद हा मालक आहे. वार्षिक सभेत टनाच्या दरावर जेवढा आवाज चढतो, त्याच्या दशांश आवाजात हे विवरण मागितले तरी पुरे. मी ऑफिसचा नोकर असून हे लिहितोय याचे काहींना नवल वाटेल, पण दुसऱ्याच्या वहीची मागणी करायची तर आपली आधी उघडी हवी.

दाखला मी दिला नाही. त्याऐवजी माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली प्रदूषण मंडळाला एक अर्ज लिहिला: संमतीपत्राची प्रत, कुपोल्याचा नोंदवलेला आतला व्यास, धुराड्याची उंची, विवरणात दाखवलेला वर्षाचा कोक, शेवटचा नमुना कधी घेतला आणि तेव्हा भट्टी किती भारावर होती. सही कोणाची, यावर बाप-लेकांत बराच वेळ झाला. शेवटी आबांनी केली. मुलगा रोज चार्ज मोजतो, प्रत्येक चार्जला कोक किती पाट्या ते त्याच्या खिशातल्या वहीत आहे. ती वही मी मागितली नाही. तोच म्हणाला, "साहेब, वही काय मी देणार नाही. मालकाचं मीठ खातोय. पण मंडळाचा मानूस आला आणि त्यानं इचारलं, तर खोटं बोलणार नाही."

अर्ज गेला आहे, उत्तर अजून यायचे आहे. फडाच्या मधल्या माव्यावर डायफाच्या अळ्या सोडल्या आहेत, आबांनी औषध फवारू नये एवढीच विनंती. आणि ओढ्याकडच्या आठ सऱ्यांना चिटबॉयने लाल चिंध्या बांधल्या आहेत. लागण एका दिवसाची, बेणे एक, पाणी एक. तोडणीला या आठ सऱ्यांचा ऊस वेगळ्या ट्रॉलीत येईल आणि पूर्वेच्या बांधाकडच्या तेवढ्याच आठ सऱ्यांचा वेगळ्या ट्रॉलीत. दोन्हींचे वजन आणि ब्रिक्स काट्यावर आबांच्या समोर लिहायचे ठरले आहे.